बाणकोट ते दाभोळ : दुचाकीवरचा एक दिवस आणि वाटेवरचे पान

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील हरिहरेश्वरापासून रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरपर्यंतचा किनारा नकाशावर हातभर अंतराचा दिसत असला, तरी या टापूत सावित्री आणि वाशिष्ठी या दोन नद्या रुंद खाड्या करून समुद्राला मिळतात. या खाड्यांच्या मुखाशी अजून पूल नसल्यामुळे हा सारा पट्टा मुंबई-गोवा महामार्गाच्या घाईपासून आजवर बाजूला राहिला आहे. महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ आणि आताचा ६६, आतल्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्यालगत जातो. किनाऱ्याने जायचे तर बाणकोटची खाडी बागमांडल्याहून आणि दाभोळची खाडी दाभोळहून बोटीने ओलांडावी लागते, आणि मधला रस्ता जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असूनही त्याला पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा पुरा दिवस लागतो. दुचाकीवरून करायच्या एका दिवसाच्या सफरीसाठी महाराष्ट्रात याहून सरस रस्ता नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्या मताचे अर्धे श्रेय रस्त्याला, तर अर्धे वाटेवरच्या स्वयंपाकघरांना द्यावे लागेल.

या रस्त्याचा घाट समजायचा तर आधी जांभा समजावा लागतो. जांभा म्हणजे लोह आणि अॅल्युमिनियमचे प्रमाण अधिक असलेला तांबडा, सच्छिद्र दगड, जो दक्षिण कोकणात डोंगरमाथ्यांवर सपाट थराच्या रूपाने पसरलेला असतो आणि चिरे पाडून घरे, गडगे व पाखाड्या बांधण्याच्या कामी येतो. अशा सपाट, उघड्या माथ्याला सडा म्हणतात. गावे वसली ती सड्यावर नव्हे, तर सडा आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या पट्टीत, जिथे नारळ-पोफळीच्या बागा, म्हणजे आगरे, उभी राहतात. त्यामुळे इथला प्रत्येक रस्ता गावातून निघून वळणावळणाने सड्यावर चढतो, दोन-चार किलोमीटर मोकळ्या माळावरून धावतो आणि पुन्हा पुढच्या गावाच्या सावलीत उतरतो. चाळीसच्या पुढे वेग नेण्याची सोय या चढउतारांत फारशी नाही, आणि उतारावर ब्रेकवर भिस्त न ठेवता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्याच ओढीने खाली आणणे शहाणपणाचे ठरते, कारण वळणापलीकडे गवताचा भारा घेतलेली बाई, रस्त्यात बसलेली गुरे किंवा उलट दिशेने येणारी एसटी यांपैकी काहीतरी हमखास असते.

आडरस्ता कोणता हे ओळखायला मैलाचे दगड पुरेसे आहेत. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा आणि नारिंगी माथ्याचा ग्रामीण रस्त्याचा, अशी ही खूण असून, २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनंतर नारिंगी दगडांची संख्या कोकणातही बरीच वाढली. हिरव्या दगडांचा रस्ता पोहोचवतो लवकर, पण वाड्यांमधून, देवळांच्या आवारालगत आणि खाजणाच्या कडेने जाणारा रस्ता बहुधा नारिंगी दगडांचाच असतो, म्हणून वेळ हाताशी असलेल्याने दुफाट्यावर नारिंगी दगडाच्या बाजूने झुकावे.

वाहनाबद्दल थोडक्यात सांगितले तरी भागेल. भारतात १९५५ पासून मद्रासजवळ बुलेट जोडली जाऊ लागली, पुढे राजदूत आणि येझदी यांनी एक पिढी गाजवली आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी आल्यावर मोटारसायकल ही हौसेची वस्तू न राहता शाळामास्तर, दूधवाले आणि एजंट यांचे रोजचे वाहन झाली. या मार्गावर शंभर ते दीडशे सीसीची हलकी गाडी पुरेशी होते. जड गाडीचा रुबाब सड्यावर शोभतो, पण बोटीच्या उतारावर तिचे ओझेच अधिक जाणवते.

दिवसाची सुरुवात हरिहरेश्वरास सहाच्या सुमारास व्हावी आणि ती रिकाम्या पोटी होऊ नये. किनाऱ्यावरच्या घरांतून पहाटे मिळणारा पदार्थ म्हणजे घावन. रात्रभर भिजवलेले तांदूळ वाटून किंवा तांदळाचे पीठ ताकाइतके पातळ कालवून ते बिडाच्या तव्यावर ओतले जाते, झाकण ठेवले जाते आणि कडा सुटू लागल्या की उलथून ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर वाढले जाते. घावन आंबवलेले नसते. उडीद घालून पीठ आंबवले की ती आंबोळी होते. हा भेद शहरातल्या कोकणी उपाहारगृहांत सर्रास पुसला गेला आहे. घावनाऐवजी दडपे पोहे मिळाले तरी नशीबच म्हणावे, कारण पातळ पोहे ओल्या खोबऱ्याखाली दडपून नारळाच्या पाण्यावर भिजू द्यायचे आणि वरून हिरव्या मिरचीची फोडणी द्यायची, एवढ्या साध्या कृतीला इथल्या ताज्या नारळाने जी गोडी येते ती अन्यत्र येत नाही. या परिसराची दुसरी कीर्ती श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील पोफळी व माड अक्षरशः झोपवले. पोफळ लावल्यापासून फळाला यायला कित्येक वर्षे जातात, त्यामुळे आगरांतल्या काही मोकळ्या जागा अजूनही त्या दिवसाची साक्ष देतात.

हरिहरेश्वराहून थोड्याच अंतरावर बागमांडला आहे आणि तिथे सावित्रीची खाडी आडवी येते. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर-महाडवरून आलेली ही नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडचे वेश्वी डोळ्यांना दिसत असते, पण रस्त्याने जायचे म्हटले तर आत आंबेतच्या पुलापर्यंत मोठा वळसा पडतो. तो वळसा फेरीबोट वाचवते. किनाऱ्यावर जिला जंगलजेटी असेही म्हणतात ती ही बोट सपाट तळाची असते, तिला पाणी कमी खोल असले तरी चालते आणि तिचे तोंड फळीसारखे खाली उतरून थेट धक्क्याच्या उतरणीवर टेकते, ज्यावरून वाहने आत चढतात. दाभोळच्या खाडीत अशी सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि तिची उपयुक्तता पटल्यावर बाणकोट, राजपुरी व जयगड या खाड्यांतही तशाच बोटी आल्या. आधी मोटारी आणि टेम्पो लावले जातात, मग उरलेल्या फटींत दुचाक्या तिरप्या उभ्या केल्या जातात, आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि बोट टेकेपर्यंत तिच्यापासून फार दूर जाऊ नये, एवढे पथ्य पुरते.

खरी मेख उतरणीवर आहे आणि ती भरती-ओहोटीशी बांधलेली आहे. भरती पूर्ण असताना बोट उतरणीच्या वरच्या, कोरड्या भागाला लागते आणि गाडी सहज आत जाते. ओहोटीला पाणी मागे हटले की एरवी पाण्याखाली असणारा उतरणीचा भाग उघडा पडतो, त्यावर गाळ आणि शेवाळ असते, आणि तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबणारा स्वार गाडीसकट आडवा होतो. म्हणून या किनाऱ्यावर हिंडणाऱ्याने कोळ्यांचा जुना हिशेब शिकून घ्यावा. चालू तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि एकादशीला सव्वाआठ. ही वेळ पहाटेची वा सकाळची तशीच दुपारची वा रात्रीचीही असते, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी येते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, एवढेच या पाऊणपटीचे मर्म आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येऊन पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते, त्याला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग म्हणतात. दिवाळीत लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येते. तिचा अंक पंधरा धरला तर पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे सुट्टीसाठी कोकणात आलेला मुंबईकर सकाळी सहाला बागमांडल्याच्या धक्क्यावर उभा राहील तेव्हा नेमकी ऐन ओहोटी, आणि तीही उधाणाची, असणार. छापील वेळापत्रके आणि मोबाइलवरची कोष्टके अधिक अचूक असतात हे खरे. पण पंचांगावरून तोंडी काढता येणाऱ्या या हिशेबाची सर त्यांना नाही, आणि तो जाणणाऱ्या माणसाशी धक्क्यावरचे लोक वेगळ्याच आपलेपणाने बोलतात, हा अनुभव अनेकांना आहे.

वेश्वीला उतरल्यावर बाणकोट आणि वेळास ही गावे लागतात. बाणकोटचा किल्ला १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले, वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव, हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे आणि १७५५ मध्ये तो कमोडोर जेम्सने घेतला, मुरुड महर्षी कर्व्यांचे, चिखलगाव टिळकांच्या घराण्याचे, पालगड साने गुरुजींचे, आंबडवे बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे, तर दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. हा इतिहास एका दिवसात नीट पाहून होत नाही. तो पाहायचा तर वेगळा दिवस काढावा आणि दुचाकी घरी ठेवली तरी हरकत नाही. वेळासबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय गावातल्या घरांनीच केल्याने, पूर्वी फक्त पाहुण्यांसाठी शिजणारे जेवण पैसे देऊन खाण्याची रीत या भागात रुळायला मोठा हातभार लागला.

वेळासहून आतल्या रस्त्याने भारजा नदी ओलांडून केळशीस पोहोचेपर्यंत उन्हे चढलेली असतात. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, पावटा आणि कुळीथ पेरण्याची इथे पद्धत आहे, त्यामुळे दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेला जे शेत दिसते तेच पुढे बिरड्याच्या उसळीच्या आणि कुळथाच्या पिठल्याच्या रूपाने पानावर येते. केळशी ते आंजर्ले हा आडे-पाडल्यावरून समुद्राला खेटून जाणारा रस्ता या दिवसातला सर्वांत देखणा तुकडा आहे. तो जेवणाआधी पार करावा की जेवणानंतर, यावर मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते भुकेल्या पोटी, कारण मग आंजर्ल्याच्या पानाला पूर्ण न्याय मिळतो.

इथे खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. आगरातल्या घराच्या पडवीत किंवा अंगणात मांडलेली दोन-चार टेबले, आदल्या दिवशी फोनवरून सांगून ठेवलेली पाने आणि सांगितल्या संख्येपुरताच केलेला स्वयंपाक, अशी ही व्यवस्था असते. पानावर काय येईल हे महिना ठरवतो. श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, हिवाळ्यात बिरडे, फाल्गुनात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ, वैशाखात सांदणे. सांदण म्हणजे तांदळाच्या जाडसर रव्यात फणसाचा किंवा आंब्याचा रस घालून उकडलेली वडी, जी नारळाच्या दुधाबरोबर खातात. बाणकोट-दाभोळकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरीही सांदण होते, पण तिथे ते खोबऱ्याने मऊ केलेले आणि बरेचदा मटणाच्या रश्श्याबरोबर वाढले जाते, आणि एकाच तांदळाची ही दोन वळणे एकाच दिवसात चाखता येणे हे या मार्गाचे भाग्य आहे.

तथापि या पानाचा राजा उकडीचा मोदक होय, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आंबेमोहरासारखा सुवासिक, शिजल्यावर चिकटपणा धरणारा तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळतात. मीठ आणि तुपाचा थेंब घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ वैरून वाफ आणली की उकड तयार होते, आणि ती गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी लागते, कारण निवलेल्या उकडीला भेगा पडतात. पारी मध्यभागी जाड आणि कडेला पातळ हवी. कळ्या जितक्या जवळजवळ तितका मोदक बंद करताना फाटत नाही. खोबरे त्याच दिवशी खवलेले नसेल तर सारणाला एक मेणचट वास येतो, जो वेलदोड्याने झाकला जात नाही. मोदकाचे नाक मोडून त्यात साजूक तूप ओतावे आणि बाकी बोलणे बंद ठेवावे. मात्र घराची खरी परीक्षा मोदकावरून होत नाही, ती निवगऱ्यांवरून होते. उरलेल्या उकडीत मिरची, जिरे, कोथिंबीर आणि मीठ मळून थापलेल्या आणि मोदकांबरोबरच उकडलेल्या या चपट्या वड्या पाहुण्याला सहसा वाढल्या जात नाहीत, पण मागितल्या तर वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पसंतीची छटा उमटते. कच्च्या तेलाबरोबर किंवा दह्याबरोबर खाल्लेली निवगरी मोदकाचा गोडवा उतरवते आणि आणखी दोन मोदकांना जागा करून देते.

सोलकढीबाबतही एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. रातांब्याची साले त्यांच्याच रसात आणि मिठात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की आमसुले होतात, आणि मीठ घालून टिकवलेला नुसता रस म्हणजे आगळ. आगळ नारळाच्या घट्ट दुधात घातली की कढीला मऊ, किंचित जांभळट गुलाबी रंग येतो. भडक, मिठाईसारखा गुलाबी रंग दिसल्यास ती कढी दुसऱ्याला द्यावी.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या भरल्या पोटी चढण्याचा हट्ट न धरता जोग नदीवरचा पूल ओलांडून हर्णै गाठावे. दुपार कलल्यावर इथे मासळीचा लिलाव भरतो. उथळ पाण्यामुळे मोठ्या होड्या दूर थांबतात आणि मासळी छोट्या होड्यांनी व बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येते, ही या बंदराची जुनी ओळख. लिलावात कोळणींचा आवाज आणि निर्णय दोन्ही अंतिम असतात. सुरमई-पापलेटांच्या मागे मोठे व्यापारी असतात, म्हणून हौशी माणसाने बांगडा, मांदेली किंवा कोळंबीवर नजर ठेवावी. घेतलेली मासळी जवळच्या खानावळीत नेऊन दिली तर करून मिळते, पण उकडीच्या मोदकांवर अवघ्या तीन तासांनी बांगडा खाणे हे सर्वांना झेपेलच असे नाही. ज्यांना झेपते त्यांनी तो तव्यावर कोरडा भाजून, तांदळाच्या भाकरीबरोबर खावा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने तेव्हा हर्णैला येण्यात अर्थ नाही.

पुढे लाडघर, बुरोंडी, कोळथरे या गावांवरून दाभोळपर्यंतचा रस्ता वर्दळीने विरळ आणि वळणांनी दाट आहे. पेट्रोल दापोलीच्या बाजूला मिळते, किनाऱ्यालगत त्याची खात्री धरू नये. दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याला नेणारी बोट चिपळूणमार्गे पडणारा मोठा वळसा वाचवते आणि ही दुसरी खाडी ओलांडली की गुहागर अर्ध्या तासावर राहते. गुहागर हे एकाच लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेले गाव असून त्याचे वरचा पाट आणि खालचा पाट असे दोन भाग आहेत. रात्रीच्या जेवणाला इथे मऊ भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड एवढेच मागावे. दिवसभराच्या धक्क्यांनी आंबलेल्या अंगाला याहून अधिक काही सोसत नाही.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या कल्पनेशी बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे नाव जोडलेले आहे, आणि त्या महामार्गाच्या नव्या आराखड्यात या सर्व खाड्यांवर मोठे पूल धरलेले आहेत. बाणकोट खाडीवर पूर्वी सुरू झालेले एक काम अर्धवट राहिले होते. पूल झाले पाहिजेत, यात शंका नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यावे लागणाऱ्या गावकऱ्यासमोर बोटीच्या गमतीचे गोडवे गाणे हा शहरी चोचलाच ठरेल. पूल झाल्यावर हा दिवस चार तासांचा होईल आणि आंजर्ल्याचे पान ओलांडून लोक पुढे जाऊ लागतील, असाही संभव आहे.

या सफरीला नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात हवा बिघडली की बोटी बंद राहतात आणि सड्यावरच्या रस्त्यांना शेवाळ धरते. शेवटच्या फेरीची वेळ ऋतूप्रमाणे बदलत असल्याने ती सकाळीच विचारून घ्यावी. जेवण आदल्या संध्याकाळपर्यंत सांगावे, माणसांचा नेमका आकडा द्यावा, आणि बेत रद्द झाला तर न लाजता रात्रीच कळवावे, कारण सकाळी फोन जाईपर्यंत त्या घरात नारळ खवून झालेला असतो.